कासवं तर आंजर्ल्यालाही येतात!

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत कॉलेजात जीवशास्त्र शिकते. येत्या जुलैत तिचा वर्ग तीन आठवडे कोस्टारिकाला 'संवर्धनाच्या क्षेत्रअभ्यासा'साठी जाणार आहे. घरात सगळे म्हणतात, सहलच ती, फक्त मार्क मिळणारी. मला तीन शंका आहेत. ही मुलं तिथे दिवसभर करतात काय? कासवं पाहायला एवढ्या लांब कशाला, ती तर आमच्या आंजर्ल्यालाही येतात. आणि यांच्या जाण्याने त्या देशाचं किंवा त्या कासवांचं काही भलं होतं का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : पहिल्या शंकेचं प्रामाणिक उत्तर असं की दिवसाचा बराच भाग ती झोपतात. काम रात्रीचं असतं.

कोस्टारिका हा मध्य अमेरिकेतला चिंचोळा देश. एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागर, आणि आकार महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा. पुतणीचा वर्ग नेमका कुठे उतरणार ते आपण लिहिलेलं नाही, पण जुलै आणि कासवं म्हटल्यावर कॅरिबियन बाजूचं तोर्तुगेरो असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून तेच धरून सांगतो. तिथे गाडीरस्ता पोचत नाही. कालव्यांतून होडीने जायचं, नाहीतर छोट्या विमानाने. सुमारे ३५ किलोमीटर लांबीची काळपट वाळूची पुळण, मागे दाट जंगल, आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात अंडी घालायला येणारी हिरवी कासवं. पश्चिम गोलार्धात या जातीची सर्वांत मोठी वीण इथेच होते.

रात्रीची गस्त पाळ्यांनी चालते. कपडे गडद रंगाचे, पांढरा दिवा बंद, लागलाच तर लाल. भरतीच्या रेषेलगत न बोलता चालत राहायचं. पहिल्या रात्री सगळेच वाहून आलेल्या ओंडक्यांना अडखळतात. पाण्यातून वर गेलेला, ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा रुंद माग दिसला की तिथेच थांबायचं, कारण वर चढताना, जागा शोधताना किंवा खड्डा खणताना कासवी जराशी जरी बिचकली तरी ती आल्या पावली परत जाते. अंडी पडायला लागली की मात्र ती सहसा हलत नाही. माणसांना काम उरकायला मिळतो तो तेवढाच वेळ. एकाने मागे पालथं पडून हातमोजा घातलेला हात खाली धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या मोजणीयंत्राची कळ अंड्यागणिक दाबत राहायची. साधारण शंभर-सव्वाशे होतात. दुसऱ्याने पाठीची लांबी टेपने घ्यायची. तिसऱ्याने हे सगळं पावसात न भिजणाऱ्या वहीत उतरवायचं. तिची अंडी घालून झाली की वल्ह्यासारख्या पुढच्या पायांना क्रमांकाची धातूची पट्टी लावायची. आधीची पट्टी असेल तर तिचा आकडा वाचायचा, आणि तो दोघांनी वाचायचा, कारण पहाटे तीन वाजता तीनाचा आठ सहज होतो.

आपल्या संतांनी रंगवलेली कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते. खरी कासवी वाळू लोटून निघते ती पुन्हा त्या खड्ड्याकडे फिरकत नाही. ती जागा लक्षात ठेवणं माणसांच्या गळ्यात येतं. मागच्या झाडोऱ्यात तीन ठिकाणी फिती बांधून प्रत्येक फितीपासून घरट्याचं अंतर मोजून ठेवतात. साधारण दोन महिन्यांनी ही तीन अंतरं जिथे जुळतात तिथे उकरायचं आणि रिकामी टरफलं किती, न उबलेली अंडी किती, आतच मेलेली पिल्लं किती, ते मोजायचं. पुतणी तोवर कॉलेजात परत गेलेली असेल. तिने मोजलेलं घरटं दुसरंच कोणीतरी उकरणार, आणि ती उकरणार ते घरटं आधी कोणीतरी मोजून ठेवलेलं. माझ्या मते या सगळ्या शिक्षणातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

सकाळचं काम त्यामानाने रूक्ष आहे. पुळण चालत जाऊन रात्रभरातले माग मोजायचे. कुठला माग घरट्यापर्यंत गेला आणि कुठला नुसताच अर्धगोल वळून समुद्रात परतला, हे वेगळं लिहायचं. मधूनच एखादं कासव जग्वारने खाल्लेलं सापडतं. तोर्तुगेरोचे जग्वार पुळणीवर उतरून हिरव्या कासवांची शिकार करतात, त्याचीही वेगळी नोंद होते.

एवढा खटाटोप कशासाठी? हिरवी कासवी एका हंगामात साधारण दोन-दोन आठवड्यांनी अनेकदा अंडी घालते आणि मग दोन-तीन वर्षं तोंड दाखवत नाही. नुसती घरटी मोजली तर कासवं किती ते कळत नाही. यंदा घरटी कमी झाली म्हणजे कासवं कमी झाली, की त्यांचं सुट्टीचं साल आहे, हेही एका वर्षात सांगता येत नाही. म्हणून पट्टी, आणि म्हणून त्याच पुळणीवर वर्षानुवर्षं तीच मोजणी.

ही मोजणी सुरू केली फ्लोरिडा विद्यापीठाच्या आर्ची कार यांनी, १९५०च्या दशकाच्या मध्यावर. पहिली युक्ती फसली. पाठीच्या कडेला तारेने चकत्या बांधल्या, त्या टिकेनात. मग गुरांच्या कानाला मारतात तसले बिल्ले कासवांच्या पुढच्या पायांना मारले. बिल्ला परत पाठवणाऱ्याला बक्षीस ठेवलं. आणि बिल्ले येऊ लागले ते शेजारच्या निकाराग्वाच्या मिस्किटो किनाऱ्यावरून, कासवं पकडणाऱ्या कोळ्यांकडून. तोर्तुगेरोला अंडी घालणारं कासव चरायला कुठे जातं, हे विज्ञानाला अशा रीतीने त्याला खाणाऱ्यांनी कळवलं. १९५९ साली या कामासाठी संस्था उभी राहिली. आज ती सी टर्टल कन्झर्व्हन्सी या नावाने ओळखली जाते आणि गस्त अजून चालू आहे. १९७०च्या दशकापासून पुढे घरट्यांची संख्या वाढत गेली, म्हणून तोर्तुगेरो हे यशाचं उदाहरण म्हणून जगभर सांगितलं गेलं. अलीकडच्या वर्षांत ती पुन्हा उतरते आहे, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. यशाची गोष्ट सांगून मोजणी बंद केली असती तर ही उतरण कळलीच नसती.

कार यांच्याच काळातला दुसरा प्रयोग मुलांना मुद्दाम शिकवावा असा आहे. तोर्तुगेरोची पिल्लं अमेरिकी नौदलाच्या विमानांतून कॅरिबियनभर नेऊन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर सोडली गेली. तिथे पुन्हा वीण सुरू व्हावी ही इच्छा. हेतू उत्तम, विमानं नौदलाची, काम कित्येक वर्षं चाललं. पण त्यातून एकाही किनाऱ्यावर नवी वीण उभी राहिल्याचं दिसलं नाही. संवर्धनात तळमळ आणि परिणाम या दोन गोष्टींची गाठ दरवेळी पडतेच असं नाही.

असे वर्ग बहुधा काही दिवस पावसाच्या जंगलातही काढतात. तिथलं सर्वांत नावाजलेलं केंद्र म्हणजे ला सेल्वा. अमेरिकेतली आणि कोस्टारिकातली विद्यापीठं एकत्र येऊन १९६३ साली ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज ही संस्था झाली, आणि १९६८मध्ये तिने ही जागा घेतली. सुमारे १६०० हेक्टर जंगल, वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरापेक्षा कमीच, पण तो चार महिन्यांत कोसळत नाही, वर्षभर पुरवून पडतो. पायात सापांच्या भीतीने रबरी गमबूट. सकाळी एक साधा प्रश्न ठरवायचा, दुपारपर्यंत मोजमापं घ्यायची, रात्री जेवणानंतर सगळ्यांसमोर निष्कर्ष मांडायचा. उदाहरणार्थ, पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांत मोठी मुंगी मोठा तुकडा नेते का? किती मुंग्या मोजल्या, कोणत्या वाटेवरच्या, पाऊस पडत असताना की थांबल्यावर, असे प्रश्न शिक्षक विचारू लागले की सकाळचा आत्मविश्वास रात्री पार ओसरतो. 'फरक आढळला नाही' हे उत्तरही तिथे पूर्ण गुणांचं असतं. आपल्याकडच्या प्रयोगवहीत ते लिहायची कोणाची छाती होत नाही.

याच ला सेल्वात पाचोळ्यात राहणारे बेडूक आणि सरडे १९७०पासून निरनिराळ्या संशोधकांनी मोजून ठेवले होते. ते आकडे एकत्र केल्यावर २००७ साली कळलं की ३५ वर्षांत त्यांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटली होती. संरक्षित जंगलात, एकही झाड न तोडता. पाचोळ्याचा थरच पातळ होत गेला असावा, असं कारण संशोधकांनी मांडलं. रोज त्या पायवाटेने जाणाऱ्याला हे दिसलं नसतं. वहीला दिसलं.

आता आपली दुसरी शंका, कारण ती सर्वांत खमंग आहे. कासवं आंजर्ल्याला येतात हे खरंच. जात वेगळी आहे, आपल्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडले. पण तेच ऑलिव्ह रिडले कोस्टारिकाच्या दुसऱ्या, प्रशांत महासागराच्या बाजूला ओस्तिओनाल नावाच्या गावीही येतं, आणि तिथला कारभार ऐकला तर कोकणातला कुठलाही कासवमित्र ताडकन उठून उभा राहील. तिथे गावकरी ही अंडी कायदेशीरपणे गोळा करून विकतात!

कारण असं. कोकणात ऑलिव्ह रिडले एकेकटी येते. ओस्तिओनालला, आपल्या ओडिशातल्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्येसारख्याच, काही रात्रींत हजारो एकदम येतात. या लोटाला अरिबाडा म्हणतात. पुळण अपुरी पडते, आणि नंतर येणाऱ्या कासवी आधीच्यांची घरटी उकरून टाकतात. फुटलेली अंडी वाळूत कुजतात आणि चांगली अंडीही त्यात बिघडतात. तेव्हा पहिल्या काही तासांतली अंडी नाहीतरी वाया जाणार, ती गावाने घ्यावी, या तत्त्वावर १९८७पासून गावच्या संघटनेला लोटाच्या पहिल्या ३६ तासांत अंडी काढायची परवानगी आहे. विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ देखरेख करतात. बदल्यात गावाने पुळण साफ ठेवायची, चोरांवर पहारा ठेवायचा, पिल्लं समुद्रात जाईतो त्यांना सांभाळायचं. आक्षेपही आहेत: कायदेशीर अंड्यांच्या आडून चोरीची अंडी बाजारात खपतात का, हा त्यांतला मोठा.

आपल्याकडे समुद्री कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अंडं विकणं म्हणजे गुन्हा. कोकणातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२च्या सुमारास काम सुरू केलं तेव्हा तिथलं उत्तर निराळं निघालं. अंडी हलवून कुंपणाच्या आत ठेवायची, पिल्लं बाहेर पडताना पाहायला लोकांना बोलवायचं आणि पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे गावात राहू द्यायचे. एकच जात, दोन गावं, दोन उलटे नियम, आणि दोन्हींत गावाला कासव जगण्यात फायदा दिसेल अशी तजवीज. पुतणीला वेळास ठाऊक असेल तर ओस्तिओनालबद्दल ऐकताना ती वर्गातल्या कोणाहीपेक्षा चांगला प्रश्न विचारू शकेल. तेव्हा आपली शंका मी उलटी करतो. आंजर्ल्याला कासवं येतात म्हणून तिकडे जाऊ नये असं नाही. जायच्या आधी तिला एकदा आंजर्ल्याला आणा, तिथल्या कासवमित्रांबरोबर पहाटेची फेरी मारू द्या.

आणि माग घेण्याचं म्हणाल तर आपणही मागे नाही. ओडिशात २०२१ साली पट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. ०३२३३ हा तिचा क्रमांक. पूर्व किनाऱ्यावर भेटलेली कासवी वळसा घालून कोकणात येते, हे त्या एवढ्याशा पट्टीने सांगितलं.

तिसरी शंका : भलं होतं का? मला वाटतं, तीन आठवड्यांत विद्यार्थी एकही कासव वाचवत नाहीत. जी जाहिरात तसं सांगते तिच्यावर विश्वास ठेवू नये. हातात पिल्लू धरून फोटो काढलेले असतील तर मुळीच नको. मुलं पैसे देतात, पाय देतात आणि रात्री देतात. गावातली खानावळ, होडीवाला, वाटाड्या यांना त्यातून काही मिळतं. तोर्तुगेरोत पूर्वी रात्र जागवून कासवं पकडण्यासाठी उताणी पाडणारे लोक होते, त्याच गावात आज लोक पर्यटकांना वाट दाखवून पोट भरतात. बाकी सगळा हिशेब एका गोष्टीवर ठरतो. मुलांनी मोजलेलं कोणाच्या तरी चालू वहीत जातं की कॉलेजच्या सादरीकरणात संपतं? मुलं येण्याआधी ही मोजणी कोण करत होतं आणि गेल्यावर कोण करणार, हे पुतणीने शिक्षकांना आत्ताच विचारावं. उत्तर देताना ते घुटमळले तर घरच्यांचं म्हणणं बरोबर, ती सहलच.

परदेशी माणसाने यायचं, माहिती घ्यायची, इंग्रजीत निबंध छापायचा आणि विसरून जायचं, ही तक्रार उष्ण कटिबंधातल्या देशांत जुनी आहे, आणि रास्त आहे. कोस्टारिकातच तिला एक चांगलं उत्तर सापडलं. ग्वानाकास्ते भागात डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवाक्स या अमेरिकी जोडप्याने आजूबाजूच्या गावांतली माणसं हाताशी धरली आणि कीटक गोळा करणं, पाळणं, वेगळे करणं, नोंदवणं हे पगारी काम म्हणून त्यांना शिकवलं. विद्यार्थी येतात-जातात, ही माणसं तिथेच असतात.

याच जॅन्झन यांची संत्र्यांच्या सालींची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९९०च्या दशकात त्यांनी ग्वानाकास्तेतल्या अभयारण्याशेजारच्या रस कारखान्याशी सौदा केला की तुमच्याकडची थोडी वनजमीन अभयारण्याला द्या, तुमच्या साली आमच्या पडीक माळावर टाका. सुमारे १२ हजार टन साली तीनेक हेक्टरांवर पडल्या. प्रतिस्पर्धी कारखान्याने 'राष्ट्रीय उद्यान घाण केलं' म्हणून कोर्टात धाव घेतली, जिंकला, आणि प्रयोग बंद पडला. सोळा वर्षांनी प्रिन्स्टन विद्यापीठाचा एक संशोधक विद्यार्थी ती जागा शोधायला गेला तेव्हा तिथे इतकं रान माजलं होतं की खुणेची पाटी सापडेना. मोजमाप झालं, २०१७ साली प्रसिद्ध झालं : शेजारच्या नुसत्या माळाच्या तुलनेत जमिनीवरच्या झाडोऱ्याचं वजन १७६ टक्क्यांनी जास्त.

एक व्यवहाराची गोष्ट. पुतणीचा पासपोर्ट भारतीय असेल तर तिने आत्ताच कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जावं. अमेरिकेबाहेर पडून परत यायला आय-ट्वेंटी कागदावर प्रवासाची सही लागते आणि अमेरिकेचा व्हिसा चालू असावा लागतो. तो चालू असेल तर कोस्टारिकाचा वेगळा व्हिसा भारतीयांना सहसा लागत नाही. तरी नियम बदलतात, दूतावासाकडे पाहून घ्यावं. आणि किनाऱ्यावरचा शंखशिंपला खिशात घालू नये. तो देशाबाहेर नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परदेशी जायची ऐपत नाही. असा अभ्यास इथे करता येतो का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : येतो. पुढे जाऊन हेच शिकायचं असेल तर बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. कासवंच पाहायची तर कोकणात पिल्लं बाहेर पडतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पण त्याआधी उद्यापासून सुरू करता येईल असं एक काम सांगतो. सीझनवॉच नावाचा देशभर चालणारा उपक्रम आहे. त्यात आंबा, चिंच, बहावा अशा ओळखीच्या झाडांपैकी एक निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद पाठवायची. कॉलेजच्या वाटेवरचं झाड घ्या, लांबचं घेतलंत तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळाल. काहीच बदल नसेल त्या आठवड्यालाही 'काही नाही' असं लिहायचं, तीही नोंदच. मे महिन्यात घरी जाणार असाल तर तेवढ्या आठवड्यांसाठी झाड कोणावर सोपवायचं ते आधीच ठरवा, कारण नागपूरचा बहावा नेमका तेव्हाच फुललेला असतो.